बोट लागली

(पहाट. करडं पाणी. समोर दिव्यांची रांग.)

मराठीत ‘बोट लागली’ म्हटलं की दोन अर्थ निघतात. एक धक्क्याला लागते, दुसरी पोटाला. काल संध्याकाळी मुंबईहून निघालेल्या या क्रूझवर ही दुसरी रात्रभर कुणाकुणाला लागत होती. पहिली आता लागतेय. मुरगाव बंदरात, जुवारी नदीच्या मुखाशी.

माडांची बनं दिसतील म्हणून मोबाइल उंचावून वरच्या डेकवर उभे राहिलेल्यांना आधी दिसतात क्रेन. मग मालगाडीचे डबे. मग कोळसा. मुरगाव हे कष्टाचं बंदर आहे, ते पाहुण्यांसाठी नटत नाही. पोर्तुगिजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इथून घाट चढून रेल्वे गेली. पुढे गोव्याचं लोहखनिज इथूनच जपानपर्यंत पोचलं.

याच पाण्यात ९ मार्च १९४३ च्या रात्री एरेनफेल्स नावाचं जर्मन जहाज बुडालं. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, त्यामुळे ते इथं निर्धास्त आसऱ्याला होतं. त्यावर ब्रिटिशांच्या बाजूनं चालून आले कलकत्त्याच्या घोडदळातले हौशी, मध्यमवयीन स्वयंसेवक. तेही गाळ काढायच्या कामाच्या संथ बोटीतून!

(शिडी. कार्ड दाखवत उतरणारे प्रवासी.)

परत बोटीवर यायची वेळ साडेपाच. ती तीनदा सांगून झाली आहे.

आमच्या बसमध्ये ठाण्याचं एक कुटुंब आहे. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. नातवाला समुद्रकिनारा हवाय, सुनेला चर्च बघायचीत. आजींनी मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवलं होतं, गोव्यात उतरणार तर मंगेशाला जाणार. त्यात आज सोमवार. म्हणजे मासळीही बंद.

“आजी, गोव्यात येऊन वरणभात?”

“मासे काय, ठाण्यात मिळत नाहीत?”

विषय संपला.

(बस. चिखली, सांकवाळ मागे पडतं. पुलाचे तिरपे दोर.)

कुठ्ठाळी आली. इथं बस पुलावर चढते आणि डाव्या खिडकीतून थेट नदीचं मुख दिसतं. बहुतेक प्रवासी पुलाचा फोटो काढतात. आजी मागे वळून गावाकडे बघतायत, कारण मंगेशाचं मूळ ठाणं हे. १५६० मध्ये, या भागात पोर्तुगिजांची धर्मांतराची मोहीम तापली तेव्हा, भक्तांनी देव उचलला, नदीपार केला आणि प्रियोळला नेला. प्रियोळ अंत्रुज महालात. आजच्या भाषेत फोंडा तालुका. तेव्हा तिथं आदिलशाही होती, पोर्तुगिजांचा हुकूम चालत नव्हता. शेजारच्या केळोशीची शांतादुर्गा अशीच कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंडा पोर्तुगिजांच्या ताब्यात आला तो १७६३ मध्ये. तोवर देवळं पाडायचा जोर ओसरला होता. गोव्यातली एवढी मोठमोठी देवळं एकट्या फोंड्याच्या आसपास का दाटली आहेत, याचं उत्तर या नदीत आहे.

देव कसा नेला असेल? होडी कुणाची असेल? वल्ही कुणी मारली असतील? आपण एसीत बसून दोन-तीन मिनिटांत पलीकडे.

(जुनं गोवं. घंटेचा आवाज.)

जुन्या गोव्यात चाळीस मिनिटं. बॉम जेझूची बासिलिका १६०५ मधली. बाहेरचा जांभा उघडा आहे, कारण त्यावरचा गिलावा विसाव्या शतकात काढला गेला. आज आपल्याला तोच तिचा खरा चेहरा वाटतो. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत. समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला, तेव्हापासून ते एकाच खांद्यावर झूल घेतल्यासारखं उभं आहे. चाळीस मिनिटांत यापेक्षा जास्त काही कळत नाही, आणि आजींची नजर घड्याळावर आहे.

(मंगेशी. दीपस्तंभ. तळीवर ऊन.)

बाणस्तारीचा पूल ओलांडला की अंत्रुज. पांढरा दीपस्तंभ, खाली तळी, पायऱ्यांवर अबोली आणि कमळं घेऊन बसलेल्या बायका. दीनानाथ मंगेशकरांचा जन्म याच गावातला, आडनावही इथलंच.

आजी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्हीही कॅमेरा नेला नाही. आत काय झालं ते त्यांचं आणि देवाचं. सोमवारी संध्याकाळी इथं पालखी निघते, पण तेव्हा आपली बोट सुटलेली असेल. पूर्वी कोकण बोट पणजीच्या धक्क्याला लागायची, तेव्हा माणसं महिनाभर राहायला यायची. वाटेत मालवण-वेंगुर्ल्याला पडाव, म्हणजे छोट्या होड्या, येऊन उतारू घेऊन जायचे. ती बोट गावी नेणारी होती. ही गाव दाखवून परत नेते.

जेवायला खतखतं, सोलकढी, भात. नातवानं तिरफळ चावलं आणि पुढची दहा मिनिटं तो जिभेला काय झालं हे विचारत होता.

(धक्का. उतरतं ऊन. तपासणीची रांग.)

पाच वाजून दहा मिनिटं. आजींच्या पिशवीत प्रसादाच्या नारळाची अर्धी कवड निघाली. बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही, तपासणीवाला नम्रपणे सांगतो. सून म्हणते, ठेवा इथंच. आजी तिच्याकडे बघतातसुद्धा नाहीत. बसच्या लोखंडी पायरीवर कवड आपटतात, मुलाच्या चावीनं खोबरं सोडवतात आणि रांगेत वाटत सुटतात. मागचे दोन परदेशी पाहुणे, बसचा चालक, हमाल.

शेवटचा तुकडा तपासणीवाल्याला. त्यानं हातमोजा काढला, उजवा हात पुढे केला, खोबरं तोंडात टाकलं आणि पिशवी पुन्हा यंत्रात सरकवली.

(भोंगा.)