बटण पिळणारा हात

नमस्कार श्रोतेहो.

धप्, धप्, धप्, धप्. मिनिटाला एकशेवीस-पंचवीस ठोके, रात्रभर. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताबद्दल आपली तक्रार ठरलेली असते: यात माणूस कुठे आहे? मीही पुष्कळ वर्षं हेच म्हणत होतो.

1977 सालचं गायिका डोना समरचं ‘आय फील लव्ह’ हे गाणं घ्या. म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी ते सिंथेसायझरवर उभं केलं. पण किक ड्रमचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, भरदार ठोका काही यंत्रातून मनासारखा निघेना. शेवटी कीथ फोर्सी हा ड्रमवादक बसला आणि तो ठोका त्यानं वाजवला. ज्या गाण्याला लोक यंत्राचं गाणं म्हणतात, त्याच्या बुडाशी एका माणसाचा पाय आहे!

आता एका फसलेल्या यंत्राची गोष्ट. जपानच्या रोलँड कंपनीनं 80च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 नावाची चंदेरी डबी काढली. एकट्यानं रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बास, म्हणजे खर्जातली साथ, मिळावी, हा हेतू. पण आवाज बास गिटारसारखा येईना, स्वर भरायचे म्हणजे डोकेदुखी. 1984पर्यंत उत्पादन बंद. डब्या जुन्या बाजारात पडेल भावानं जाऊ लागल्या.

त्याआधीच, 1982मध्ये, आपल्या मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी ही डबी आणि रोलँडचीच आणखी यंत्रं घेऊन भैरवी, ललित, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. डबीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्या कानाला ती थेट मींडेकडे नेते. तबकडी फारशी कोणी घेतली नाही. 2010मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे जाणकार चक्रावले, कारण हाच आवाज शिकागोत पुढे ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या प्रकारात गाजला होता. शिकागोच्या पोरांनी मुंबईची तबकडी ऐकली असेल, असं मात्र समजू नका. एकाच टाकाऊ डबीपाशी दोन्हीकडची माणसं आपापल्या वाटेनं पोचली.

त्या पोरांच्या गटाचं नाव फ्युचर. डबीतली सुरावट तीच ती फिरत राहायची आणि त्यांतला डीजे पिअर बटणं पिळत बसायचा. तुम्ही आत्ता स्टेशन लावताना पिळलंत ना, तसंच. पिळलं की आवाज किंचाळायचा, सोडलं की गुरगुरायचा. हे कोणी आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. हात जाईल तसा सूर जायचा.

ती टेप त्यांनी ‘म्युझिक बॉक्स’ क्लबात तिथला डीजे रॉन हार्डी याच्याकडे दिली. तिथं नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांत समलिंगी तरुण पुष्कळ. बाहेरच्या शहरात ज्यांना मोकळेपणानं हात धरता येत नव्हता असे. पिअर सांगतो, हार्डीनं टेप पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारे चक्क निघून गेले. हार्डी काही बोलला नाही. थोड्या वेळानं तीच पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. अकरा मिनिटांच्या वरचा तो प्रकार, विचार करा! सकाळ होत आली तेव्हा चौथ्यांदा लावली, आणि आता सगळी जमीन हलत होती. एक जण तर पाठीवर पडून पाय हवेत झाडत होता.

नमस्कार.