जोडीदाराच्या निधनानंतरचे आयकर विवरणपत्र

श्रोतेहो, नमस्कार. घरातले माणूस गेल्यानंतर दिवसकार्य आटोपते, मृत्यूचा दाखला हाती येतो आणि जुलै जवळ आला की प्रश्न निघतो, की गेलेल्या माणसाचे आयकर विवरणपत्र आता भरायचे का? उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर ते भरावेच लागते आणि ते वारसाने भरायचे असते. 1 एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न त्यांचे आणि त्यानंतरचे उत्पन्न वारसाचे, एवढे पक्के ध्यानात ठेवावे.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंचे यजमान निवृत्त शिक्षक होते आणि ते ऑक्टोबरमध्ये गेले. मुदत ठेवींवर बाईंचे नामनिर्देशन होते, मृत्युपत्रानेही त्या त्यांनाच मिळाल्या होत्या. परंतु बँकेला निधनाची सूचनाच दिलेली नव्हती, त्यामुळे मार्चअखेरपर्यंतचे सारे व्याज आणि त्यावरची करकपात यजमानांच्याच पॅनवर नोंदली गेली होती. बाईंनी ते सगळे व्याज आणि नोव्हेंबरपासून स्वतःला मिळू लागलेले कुटुंब निवृत्तिवेतनसुद्धा यजमानांच्या नावे स्वच्छ अक्षरांत लिहून आणले होते. मी म्हणालो, “ताई, ऑक्टोबरनंतरचे हे उत्पन्न तुमचे आहे.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “माझ्या नावावर आजवर कधी उत्पन्नच नव्हते हो.” उत्पन्नाचे कागद पत्नीला न दाखवण्याची आपल्या घरांतील रीत मला कधीही पटलेली नाही, कपाटाच्या किल्ल्या जिच्या कमरेला असतात, तिला ठेवींची यादी ठाऊक नसावी, हे फार खेदाचे आहे. बाईंनी मात्र तिथेच बसून प्रत्येक ठेवीचे व्याज मृत्यूच्या तारखेपाशी तोडले आणि दोन स्वतंत्र हिशेब मांडले. पुढे बँकेत मृत्यूचा दाखला देऊन ठेवी त्यांच्या नावे झाल्या, आणि नंतरच्या व्याजावरील करकपातीचे श्रेय त्यांना मिळावे, यासाठी तसे लेखी निवेदनही दिले.

यजमानांचे विवरणपत्र भरण्यासाठी आयकर खात्याच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा, म्हणजे वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रमाणपत्र, जवळ ठेवावे. त्यांचा कर थकला असेल, तर वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वारसा मिळाला म्हणून त्यावर कर नाही. त्या मालमत्तेतून पुढे येणाऱ्या उत्पन्नावर आहे.

कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात दाखवावे. त्यातून एक तृतीयांश रक्कम किंवा नव्या करप्रणालीत 25,000 रुपये, जुन्या प्रणालीत 15,000 रुपये, यांपैकी जी कमी असेल तिची वजावट मिळते. पुन्हा सांगतो, मृत्यूच्या दिवसापर्यंतचे त्यांचे, नंतरचे वारसाचे. यजमानांचे पॅन घाईने परत करू नये. त्यांचे विवरणपत्र भरून परतावा हाती आल्यानंतरच ते रद्द करण्याचा अर्ज आयकर अधिकाऱ्यांकडे द्यावा.