उंबरठ्याच्या अलीकडे, पलीकडे

[सकाळ. सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीची पोती, सौद्यांची गडबड.]

सांगलीत हळदीचे सौदे सुरू झाले की यार्डाबाहेर उभं राहिलं तरी वासानं कळतं. ही हळद नवरीच्या अंगाला लागते. हिलाच चुना लागला की ती लाल होते, आणि तिचं कुंकू होतं. लग्नाचे दोन्ही रंग एकाच पोत्यातले.

लग्न फसतं तेव्हा काय होतं, हे मराठी माणसाला मोठ्यानं सांगणारे लेखकही याच मातीतले. त्यांच्याबद्दल मात्र आम्ही सांगलीकर कमी बोलतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, त्याचा अभिमान आम्हाला आहेच. दर ५ नोव्हेंबरला तो दिवस साजरा होतो. पण ते झालं स्वयंवर. धनुष्य मोडलं, गळ्यात माळ पडली. पुढं संशयापायी सीतेच्या वाट्याला काय आलं, ते आपल्याला माहीत आहे.

[हरिपूरचा रस्ता. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ.]

हे हरिपूर. गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. १८९९ साली त्यांचं 'शारदा' रंगमंचावर आलं. बापाला पैसा हवा, मध्यस्थाला दलाली हवी, आणि पाऊणशे वर्षांच्या भुजंगनाथाला कोवळी बायको. लोक पदांना टाळ्या देत होते; त्यांच्याच घरात, शेजारात हे चाललेलं होतं. शारदा शेवटी वाचते. लग्न लागता लागता मोडतं.

याच देवलांनी पुढं 'संशयकल्लोळ' लिहिलं. एका तसबिरीवरून नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात, आणि बाहेरख्याली मात्र कुणीच नसतं. आपण ते पोट धरून हसत बघतो. मला दरवेळी त्यातल्या बायकोची, कृत्तिकेची कणव येते. रोज त्या संशयात जगायचं म्हणजे काय, ते ज्या घरात घडतं त्या घरालाच ठाऊक.

[जुन्या भिंतीवरचं घड्याळ. फक्त टिकटिक.]

आता सिनेमा. नारायण हरी आपटे सांगलीजवळच्या समडोळीत जन्मले आणि पुढं साताऱ्याच्या कोरेगावात राहिले. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून १९३७ साली व्ही. शांतारामांनी प्रभातमध्ये 'कुंकू' केला. पटकथाही आपट्यांचीच. शांता आपट्यांची नीरा, केशवराव दात्यांचे काकासाहेब.

देवलांनी जिथं पडदा पाडला, तिथून 'कुंकू' सुरू होतो. नीरेचं लग्न म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लागलेलं आहे, आणि सोडवायला कुणी येत नाही. ती रडत बसत नाही. नवरा म्हणून त्याला मानायलाच नकार देते. त्याच घरात राहते, आणि रोज नकार देते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज, बाहेरचे आवाज आणि ते घड्याळ. त्या शांततेत नीरेची कोंडी आपल्या छातीवर येऊन बसते.

शेवट मात्र मला आजही सलतो. काकासाहेबांना आपली चूक कळते आणि ते जीव देतात. नीरेला मोकळं करायला एक मरण लागलं. पण तेव्हा दुसरी वाट होती कुठं? गावगाड्यातल्या अनेक जातींत काडीमोड होती, पाट लावता यायचा. पांढरपेशा घरातल्या बाईला ते दार बंद होतं. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला, देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ साली.

[रात्र. दारातला दिवा, रिकामा उंबरठा.]

१९८२. जब्बार पटेलांचा 'उंबरठा', पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा शिकलेली आहे. घर चांगलं, नवरा वकील आणि सभ्य. लहान मुलीला घरी ठेवून ती महिलाश्रमात नोकरीला परगावी जाते. परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा घर सोडते. त्यात खलनायक कुणी नाही, आणि म्हणूनच तो चित्रपट इतका लागतो. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडणं लोकांना समजतं. सभ्य नवऱ्याला सोडणारी बाई कुणाला समजत नाही.

माझी आत्या इथं गावभागात राहते. तिनं तो तेव्हा थिएटरात सासूबरोबर पाहिला होता. परतताना सासूबाई वाटभर एवढंच म्हणत राहिल्या, "पोटच्या पोरीला टाकून गेलीच कशी?" दुसरीकडं गेलेल्या नवऱ्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आत्याही काही बोलली नाही. "नवी सून होते गं मी," ती सांगते.

बाहेरख्यालीपणाची किती चित्रपटांनी किती रसभरीत वर्णनं केली. नवऱ्याचं पाऊल घसरतं, बायकोचं कुळ बुडतं, अशी आपली भाषाच आहे. म्हणून देवल आणि आपटे, या नदीकाठच्या दोन लेखकांचं मोल मला फार वाटतं. त्यांनी बाईला दोष द्यायच्या आधी ते लग्न जुळवलं कुणी, हे विचारलं.

[आत्याचं स्वयंपाकघर. ओट्यावर फोन टेकवून ठेवलेला. पडद्यावर 'कुंकू'.]

परवा मी आत्याला 'कुंकू' लावून दिला. मेथी निवडत बघत होती. मध्येच हात थांबले, ते शेवटपर्यंत थांबलेलेच राहिले. चित्रपट संपला तरी ती फोनकडंच बघत होती.

मग म्हणाली, "ती पोर पुढं कुठं गेली गं?"