बेने इस्रायल शेजारी आणि आपण

(बेळगाव परिसरातील ख्रिस्ती मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना सलाम. खानापूर, निपाणी आणि कारवारकडून प्रवास करून आलेल्या मंडळींचे विशेष आभार.

ज्यू शेजाऱ्यांशी आपण ख्रिस्ती लोकांनी मैत्री कशी करावी, हा आजचा विषय. तो ठरला तेव्हा एका पाळकांनी मला विचारलं, ‘पण आपल्याकडे ज्यू शेजारी आहेत कुठे?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या रोजच्या वाटेवर चर्च लागतं, मशीद लागते, जैन बस्ती लागते, सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, लागत नाही. तरीही आपल्याला शेजारी आहेत, आणि ते मराठी बोलतात. आपल्या भागातल्या कुणालाही सांगायला नको की जिल्ह्याची हद्द संपली म्हणून मराठी माणसाची नाती संपत नाहीत.

बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाची परंपरा अशी की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. हे नेमकं कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण पुढचं चित्र स्पष्ट आहे. हे लोक कोकणातल्या गावागावांत वसले, घाणे चालवून तेल गाळू लागले आणि शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. गावांवरूनच आडनावं पडली: पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. पोथ्या हरवल्या, हिब्रू विसरली, पण ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यापिण्याचे नियम त्यांनी सोडले नाहीत. शतकानुशतकं शेजाऱ्यांनीही त्यांना त्यासाठी छळलं नाही. जगातल्या फार थोड्या ज्यू समाजांना आपल्या शेजाऱ्यांबद्दल असं म्हणता येईल.

पुढे कंपनीच्या काळात त्यांची मुलं मुंबईच्या लष्करात शिरली. सुभेदार-मेजरपर्यंत चढलेले बेने इस्रायल अधिकारी त्या लष्करात होते, आणि त्याच लष्कराच्या पलटणी आपल्या बेळगावच्या कॅम्पातही मुक्कामाला असत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी माणसानंच बांधलं. कर्नाटकाशीही त्यांचं नातं आहे. स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म 1890 साली शिवमोग्ग्याचा. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रं त्यांनी सांभाळली आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वातंत्र्याच्या वेळी या समाजात सुमारे 20 हजार माणसं होती. बहुतेक जण नंतर इस्रायलला गेले. आज भारतात चार-पाच हजार उरले असतील, त्यातले बहुसंख्य मुंबई, ठाणे, रायगड आणि पुण्यात. पुणं आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तिकडे अश्दोद, दिमोना, लोद या शहरांतही घरात मराठी बोलणारी माणसं आहेत, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे. आपल्यातल्या किती जणांची मुलं-नातवंडं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आहेत? मग या मैत्रीची दारं आपल्या घरापासून फार लांब नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. मला आज मनापासून एकच गोष्ट सांगायची आहे. ज्यू माणसाशी मैत्री करायची तर ती मैत्रीसाठीच करायची, त्यानं ख्रिस्ती व्हावं म्हणून नव्हे. आपल्या सभांमधून ही गोष्ट सहज मान्य होत नाही याची मला कल्पना आहे, म्हणून जरा थांबून बोलतो.

इतिहास आपल्याच मिशनांचा घेऊ. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले, स्कॉटलंडचे जॉन विल्सन 1829 साली. दोघांनीही बेने इस्रायल मुलांसाठी शाळा चालवल्या आणि या समाजातले शिक्षक नेमले. विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हे उपकार मोठे होते, आणि बेने इस्रायल इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पिढीनं ते मोकळेपणानं मानले आहेत. पण मिशनरींच्या मनात आशा होती की हिब्रू शास्त्र वाचता येऊ लागलं की हे लोक येशूला मसीहा मानतील. घडलं वेगळंच. त्यांनी विद्या घेतली, शास्त्र वाचलं आणि आपल्या धर्मात अधिक पक्के झाले. किहीमकरांनी 1875 साली आपल्या समाजाची स्वतंत्र शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मला यात मिशनची हार दिसत नाही. देणाऱ्याच्या मनातली अट घेणाऱ्यानं नाकारली आणि तरीही दान सार्थकी लागलं, असं मी म्हणेन. आज आपण अट मनात न ठेवताच देऊ शकतो.

दुसरी गोष्ट कडू आहे. आपल्यापैकी कित्येक कॅथलिक घराणी मूळची गोव्याची. चोर्ला घाट उतरून काही तासांत आपण जुन्या गोव्यात पोहोचतो, तिथं दर्शन घेतो, परत येतो. त्याच गोव्यात 1560 पासून, मधला थोडा खंड सोडला तर, 1812 पर्यंत धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, चाललं. सुरुवातीच्या दशकांत त्याची धाड विशेषतः ‘नव्या ख्रिस्ती’ लोकांवर पडली, म्हणजे पोर्तुगालमध्ये सक्तीनं बाप्तिस्मा झालेल्या ज्यू घराण्यांवर. गार्सिया द ऑर्ता हे असेच एक वैद्य. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. ते 1568 साली वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कॅटरिना हिला जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये खुद्द गार्सियांची हाडं उकरून काढून जाळली. गुन्हा कोणता, तर घरात गुपचूप ज्यू रिवाज पाळला. बंधू-भगिनींनो, ज्यू माणूस आपल्या वधस्तंभाकडे पाहतो तेव्हा त्याला काय काय आठवू शकतं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. ही माहिती त्याच्यापुढे ओशाळं तोंड करून सांगत बसायची गरज नाही. त्यानं विषय काढला तर टाळू नये, इतकंच.

चर्चनं यातून काही शिकलं आहे. 1948 साली आम्स्टरडॅमला जागतिक चर्च परिषदेनं ज्यूद्वेष हे देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप आहे असं जाहीर केलं. व्हॅटिकनच्या परिषदेनं 28 ऑक्टोबर 1965 रोजी स्पष्ट केलं की ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहूद्यांवर, म्हणजे ज्यूंवर, किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही. आणि 2015 मध्ये व्हॅटिकनच्या दस्तऐवजात असं आलं की ज्यूंना उद्देशून कोणतंही संस्थात्मक मिशनकार्य कॅथलिक चर्च चालवत नाही आणि त्याला पाठिंबाही देत नाही. मेथडिस्ट आणि इतर मंडळींवर या शेवटच्या दोन कागदांचं बंधन नाही, पण त्यातला विचार आपणही तोलून पाहावा.

मग सुरुवात कुठून? मी म्हणतो, पुण्याला जाण्याआधी आपल्या व्यासपीठापासून. गुड फ्रायडेच्या उपदेशात ‘यहूद्यांनी प्रभूला मारलं’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! वधस्तंभ ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन सुभेदाराचा. रडणाऱ्या बायका यहूदी, शिष्य यहूदी, मरिया यहूदी, प्रभू स्वतः यहूदी. तरुण मंडळी दुःखसहनाचं नाटक बसवतात, त्यात गर्दीतल्या लोकांनाच काळे झगे आणि वाकडी नाकं देऊ नका. ‘परुशी’ हे प्रभूच्या काळातल्या एका ज्यू धर्मपंथाचं नाव आपण ढोंगी माणसासाठी वापरतो. आजच्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, परंपरा त्या परुश्यांच्याच शिकवणीतून वाढलेली आहे. उपासनेला एखादा ज्यू पाहुणा मागच्या बाकावर बसला असेल, तर त्याला हे उपदेश कसे ऐकू येतील? याची तपासणी मंडळीतल्या चार जणांनी बसून करावी, त्यासाठी कुठल्याही परवानगीची गरज नाही.

अलीकडे काही ख्रिस्ती सभांतून शोफार, म्हणजे ज्यूंचं शिंग, फुंकतात, खांद्यावर तालित, म्हणजे त्यांची प्रार्थनेची शाल, घेतात, पवित्र सप्ताहात वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातून सुटकेच्या ज्यू सणाचं, जेवण मांडतात. भावना चांगली असेल, पण मला हे पटत नाही. आज ज्यू घरांत होतो तो वल्हांडणाचा विधी बराचसा इसवी सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर रब्बींनी घडवलेला आहे. तो त्यांचा आहे. त्यांनी बोलावलं तर पाहुणा म्हणून पंक्तीला बसावं, त्यात मोठा मान आहे.

सिनेगॉगला भेट द्यायची तर आधी फोन करून विचारा. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या छाबाद हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षा कडक आहे. ओळखपत्र मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका. पुण्याचं ओहेल डेव्हिड, आपण ज्याला लाल देऊळ म्हणतो, 1867 सालचं आहे. तिथं पुरुषांनी डोकं झाकावं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, त्या वेळात फोटो नाहीत, लिहिणं नाही, फोनही करू नये. घरी जाताना काय न्यावं हे विचारतात. आख्खी फळं न्या, आपल्या घरी शिजवलेलं नको. मांस आणि दूध ते एकत्र खात नाहीत. मलिद्याला बोलावलं तर जरूर जा. एलियाहू हन्नाबी, आपला एलिया संदेष्टा, याच्या नावानं गोड पोहे, खोबरं आणि फळं मांडतात. ती थाळी पाहिली की कोकण आणि पवित्र शास्त्र एकाच वेळी समोर येतं. कुणाच्या घरी दुःख झालं तर सात दिवसांत जाऊन बसा. हार-फुलं नेऊ नका आणि सांत्वनाच्या नावाखाली उपदेश करू नका.

इस्रायलच्या राजकारणाबद्दल एक सांगतो. सीमाभागात वाढलेल्या आपल्या माणसाला ठाऊक आहे, ओळख होताच समोरचा ‘तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?’ म्हणून विचारतो तेव्हा कसं वाटतं. ठाण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या बँकेत नोकरी केलेल्या ज्यू आजोबांना गाझाचा जाब विचारू नका, आणि शेवटच्या काळाच्या भविष्यवाणीतलं पात्र म्हणूनही त्यांच्याकडे पाहू नका. त्यांना आधी नातवंडांबद्दल विचारा. मत त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, आपलं वेगळं असेल तर सभ्यपणे मांडा. मैत्रीत तेवढी जागा असते.

शेवटी एक सूचना मांडतो, मंडळांनी तिचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे 1880 च्या सुमारास बेने इस्रायलांनीही टाळ-मृदंग घेतला आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं मराठीत रंगवली. दोघांची कथा एकाच उत्पत्तीच्या पुस्तकातली, दोघांची चाल महाराष्ट्राच्या मातीतली. तर बेळगावात आपण योसेफ आख्यानाची एक संध्याकाळ ठेवू. पूर्वरंग त्यांच्या कीर्तनकारानं करावा, उत्तररंग आपल्या. भावांनी विकलेला योसेफ मिसरात त्याच भावांना ओळख देतो, तिथं थांबावं. त्यात येशूचं पूर्वचित्र दाखवण्याचा मोह त्या दिवशी आवरायचा. आपल्या उपासनेत तो अर्थ आपण सांगतोच.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी ठेवा, पण तारीख त्यांचं पंचांग पाहून ठरवा, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांचे सण एकामागून एक येतात आणि तिशा बआवच्या, म्हणजे मंदिर पडल्याच्या शोकाच्या, उपासाला कुणी गाणं ऐकत नाही. जेवणाचं त्यांनाच विचारा, ते सांगतील तसं करू. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची राहण्याची सोय घरोघरी करू, लॉजवर नको. सभागृहात पत्रकं वाटायची नाहीत आणि शेवटी कुणालाही पुढे बोलावणारं आवाहन करायचं नाही. तयार असलेल्या मंडळांनी आज जाण्यापूर्वी नावं द्यावीत. पुण्याला पहिला फोन मी करतो, पण पहिल्या भेटीला तुमच्यातले चार-पाच जण बरोबर हवेत, आणि त्यात दोन तरी तरुण मुलं-मुली असावीत.