वाकलं तर परत भट्टीत

गोव्यातल्या वाळपईच्या बाहेर, रस्त्याला लागून पत्र्याची शेड. भात्याच्या जागी विजेचा पंखा आलाय. ऐरण मात्र लोहार मेस्ताच्या आजोबांची.

भट्टीत लाल होतंय ते ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड. ठोकून, कानशीने घासून सुरीचा आकार आलाय. आता पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम निववून पातं कडक करायचं. पाणी म्हणायचं, आणि घालायचं कोमट तेलात. मेस्त पात्याजवळ चुंबक नेतो. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला सोडतं. सोडलं, की आणखी थोडा ताव देऊन...

बघा.

ज्वाळा विझल्या. मेस्त पातं डोळ्यासमोर आडवं धरतो, आणि गप्प होतो. टोकाकडे बाक आलाय, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. तेलात पातं तिरकं गेलं. एक बाजू आधी निवली, तिने दुसरीला ओढलं. तेलातून निघाल्यावर पहिले काही क्षण ते दोन फळ्यांत दाबता येतं. तो वेळ गेला.

"आता थंडपणी हातोडा मारलात तर काचेसारखं फुटेल," मेस्त म्हणतो.

म्हणून उलटा प्रवास. पातं पुन्हा लाल, लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सरळ, आणि रात्रभर राखेत. सकाळी दोनदा तापवून नुसत्या हवेत निववलं. सारखं तापवून पोलादाचा कण जाड होतो, तो असा बारीक करून घ्यावा लागतो. मग पुन्हा चुंबक, पुन्हा तेल. या खेपेला पातं उभं, धार खाली.

कानस फिरवली. दात लागेना, नुसती घसरली. म्हणजे पाणी बसलं. पण इतकं कडक पातं ठिसूळ असतं, म्हणून मंद आचेवर ठेवायचं, अंगावर वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत. सुमारे २०० ते २३० अंश. हा रंग आमच्या कॅमेऱ्यात नीट आलाय, याचा आम्हाला जरा गर्वच आहे.

सहाणेच्या चाकावर मात्र घाई नडली. टोकाला निळी झाक दिसतेय ना? तिथलं पाणी उतरलं. नुसती धार काढून उपयोग नाही, तेवढं टोक घासून टाकायचं. सुरी अर्ध्या बोटाने आखूड झाली. आता दर दोन फेऱ्यांनी पातं बादलीत.

फणसाच्या लाकडाची मूठ बसली. दोन दिवस गेले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तयार स्टेनलेसची सुरी कितीतरी स्वस्त मिळते. मेस्ताचा मुलगा वेल्डिंगला जातो.

एकच चूक इथे दुरुस्त होत नाही. मागच्या आठवड्यातलं एक पातं तेलाऐवजी पाण्यात घातलं होतं. 'टिंग' असा आवाज आला. केसाएवढी भेग. मेस्ताने भेगेच्या अलीकडे छिन्नी ठेवून टोक उडवलं. ते पडलंय कोपऱ्यातल्या भंगारात. उरलेल्या चार बोटं पात्याने मेस्ताची बायको बांगडे साफ करतेय.