बीट तयार आहे, गाणं कुठाय?

(दृश्य: लालबाग-काळाचौकीचा रस्ता, संध्याकाळ. जुन्या चाळी, मागे टॉवर. नाक्यावर पोरांचं टोळकं, एक जण तोंडाने बीट देतोय.)

निवेदन:
मुंबईत आज रॅपर शोधत फिरावं लागत नाही. कुर्ला, धारावी, नालासोपारा, डोंबिवली... कुठल्याही कट्ट्यावर चार पोरं उभी दिसली की त्यातलं एक लिहीत असतं. आणि त्याच्या शेजारी, जरा गप्प, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेलं दुसरं कुणीतरी असतं. त्याच्या इन्स्टाच्या बायोत लिहिलेलं असतं, प्रोड्यूसर.

स्पष्टच बोलायचं तर यातले बहुतेक जण बीटमेकर आहेत, म्हणजे रॅपखालची ठेक्याची आणि सुरांची बैठक बांधणारे. त्यात कमीपणा काहीच नाही, चांगला बीट बांधायला कान लागतो आणि रात्री जागाव्या लागतात. पण गाणं हा पुढचा मामला आहे. बीट गाण्यापर्यंत नेताना मध्ये बरीच नको असलेली कामं असतात आणि ती कुणीतरी अंगावर घ्यावी लागतात.

(दृश्य: चाळीतली दहा बाय बाराची खोली. गोदरेजचं कपाट उघडं, आत कपडे खच्चून भरलेले. त्यासमोर माइक. खिडकीला गादी उभी लावलेली. पंखा बंद.)

निवेदन:
हा व्होकल बूथ. कपाटातले कपडे आवाज शोषतात, गादी रस्त्याचा आवाज थोडा अडवते. पंखा चालू ठेवता येत नाही, कारण माइक त्याची घरघर पकडतो. मे महिन्यात इथे रेकॉर्डिंग म्हणजे काय, ते या पोराच्या बनियनकडे बघून कळेल.

रॅपर एकोणीस वर्षांचा. लॅपटॉपसमोर बसलेला त्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून ‘दादा’. ट्रॅक अजून बाहेर आलेला नाही, तेव्हा नावं नकोत.

पोरगा सोबत बीट घेऊन आलाय. यूट्यूबवर कुठल्याशा मोठ्या रॅपरच्या नावाने, त्याच्या धाटणीचे ‘टाइप बीट’ असतात, त्यातला एक. थोडे पैसे भरून लीजवर घेतलेला. लीज म्हणजे बीट तुमचा होत नाही, वापरायची परवानगी मिळते. तोच बीट उद्या पुण्यातला, परवा पाटण्यातला कुणीही घेऊ शकतो. आणि मिळते ती एक एमपीथ्री. ड्रम, बेस, सूर सगळं एकत्र शिजलेलं. त्यातलं काही वेगळं काढायचं म्हटलं तर धड काढता येत नाही.

तो रॅप म्हणतो. विषय त्याच्या घरचा. चाळ पडली, पुनर्विकास झाला, आजी वरच्या मजल्यावर गेली.

(आवाज: रॅपर)
गिरणीचा भोंगा बंद, लिफ्टचा पंखा सुरू,
तेविसाव्या मजल्यावर आजी, सांग कुणाशी बोलू?

निवेदन:
आणि याच्या पाठोपाठ लगेच...

(आवाज: रॅपर)
आलो मी चौकात, सगळे धाकात,
दम असेल तर या माझ्या नाक्यात!

(दृश्य: दादा स्पेसबार दाबतो. गाणं थांबतं.)

– या दोन ओळी कशाला?
– सोळा बार भरायचे होते ना, दादा. नाहीतर हूक उशिरा येतो.
– काढ.
– मग चौदाच उरतात.
– उरू देत. हूक दोन बार आधी आणू.
– बीट तसा नाहीये.
– मग बीट बदलू.

निवेदन:
ही अर्ध्या मिनिटाची बोलाचाली नीट ऐका, कारण या माहितीपटाचं अर्धं काम तिथेच होतं. बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन, हूक म्हणजे गाण्याचं धृपद. बीट सोळा बारचा, म्हणून पोराने आजीच्या गोष्टीत नाक्यावरची दमबाजी घुसवली. बीटमेकर इथे नसतोच, त्याने फाइल पाठवली आणि त्याचं काम संपलं. जो हजर आहे, ज्याला ‘काढ’ म्हणायचा अधिकार आहे आणि म्हटल्यावर निस्तरायची तयारीही आहे, तो प्रोड्यूसर.

लीजवरचा बीट बाजूला पडला. दादाने नवा बांधायला घेतला.

(दृश्य: जुन्या छायाचित्रांची मालिका. टर्नटेबल, सॅम्पलर.)

निवेदन:
हा फरक पहिल्यापासून होता असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा आला की नाचणारे पेटतात, हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो हा तुकडा लांबवत नेऊ लागला. हिपहॉपचा जन्म लोक त्या रात्रीचा मानतात. तिथे बीट करणारा, पार्टी चालवणारा आणि लोकांचा मूड ओळखणारा माणूस एकच होता. फाइल पाठवून द्यायची सोयच नव्हती.

पुढे यंत्रं आली. १९८७ चा एसपी-१२०० नावाचा सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डवरचा आवाजाचा तुकडा उचलून वाजवणारं यंत्र. त्यात सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. मग लोक ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर फिरवून आत घ्यायचे आणि यंत्रात पुन्हा संथ करायचे. जागा वाचायची आणि आवाजाला एक खरखरीत पोत यायचा. १९८८ मध्ये रॉजर लिन यांनी आखलेली, त्याच जातीची अकाईची एमपीसी-६० आली. आज लॅपटॉपमध्ये हजारो आवाज फुकट पडलेत, पण दहा सेकंदांत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना जो कान तयार व्हायचा, तो फुकट मिळत नाही.

डेट्रॉइटचा प्रोड्यूसर जे डिला. त्याच्याबद्दल आपल्याकडचे बीटमेकर फार हळवे आहेत आणि ते बरोबरच आहे. यंत्र ठोके काटेकोर सरळ करून द्यायला तयार असताना तो ते हाताने वाजवायचा, थोडे पुढे-मागे राहू द्यायचा. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याचा शेवटचा अल्बम आला आणि तीन दिवसांनी तो गेला. त्याची एमपीसी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण डिलाची नक्कल करणारे ठोका मागे ओढायला शिकतात आणि तिथेच थांबतात. तो रॅपरसोबत बसायचा, कुणाच्या आवाजाखाली काय शोभेल हे जाणायचा, ते सोडून देतात. अलीकडचे निम्मे ‘लो-फाय’, म्हणजे मुद्दाम संथ आणि खरखरीत ठेवलेले बीट ऐकताना मला झोप येते ती यामुळेच.

त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या रिझा या प्रोड्यूसरची गोष्ट घ्या. त्याच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाचा पहिला अल्बम १९९३ चा. एका गटात नऊ रॅपर, प्रत्येकाला आपलं तोंड पुढे करायचं. रिझाने सगळ्यांकडून पाच वर्षांचा शब्द मागून घेतला, तोवर निर्णय माझा. कुठल्या गाण्यात कोण, कुणाचा अल्बम आधी, सगळं त्याच्या हातात. बीट तो करायचाच, पण शिव्याही त्यालाच खाव्या लागणार होत्या. आणि १९८५ मध्ये रॅपर एलएल कूल जेच्या पहिल्या अल्बमवर प्रोड्यूसर रिक रुबिनने स्वतःचं श्रेय कसं छापलं? ‘प्रोड्यूस्ड’ नाही, ‘रिड्यूस्ड बाय रिक रुबिन’, म्हणजे कमी करणारा रिक रुबिन. सगळा पसारा काढून ड्रम आणि आवाज तेवढा शिल्लक ठेवला होता.

(दृश्य: पुन्हा खोली. पडद्यावर ट्रॅकच्या रंगीत पट्ट्या.)

निवेदन:
काढण्याचं काम इथेही चालू आहे, आणि यावेळी स्वतःचं काढायचंय. लालबागच्या एका बेंजो पथकाचा वादक दादाच्या ओळखीचा. त्याच्याकडून चार बारची एक सुरावट त्याने आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली. गणपतीच्या मिरवणुकीतला तोच टणत्कार, तीच ओढ. ऐकली की पाय आपोआप हलतो. नव्या बीटचा जीवच ती आहे.

पण पोरगा म्हणायला लागला की शब्द दिसेनासे होतात.

कारण सोपं आहे. बेंजोच्या तारेचा टणका साधारण दोन हजारांपासून वरच्या हर्ट्‌झच्या पट्ट्यात उठतो, आणि आपल्या बोलण्यातले ट, च, स, श नेमके तिथेच उमटतात. ‘तेविसाव्या’मधला स बेंजोने गिळला तर ऐकणाऱ्याला आजी कुठल्या मजल्यावर आहे तेच कळणार नाही. इक्वलायझरने तो पट्टा थोडा खाली करता येतो, दादाने करून पाहिला. बेंजो सर्दी झाल्यासारखा वाजायला लागला. शेवटी त्याने तो अख्ख्या अंतऱ्यातून उडवला आणि फक्त हूकवर ठेवला.

अंतऱ्यात उरलं काय? किक आणि स्नेअर हे ड्रमचे ठोके, खाली ८०८ चा, म्हणजे एका जुन्या ड्रम मशीनच्या धाटणीचा खोल बेस आणि मधूनच हलगीची एक थाप. ‘सांग कुणाशी बोलू’ला तर तेही नाही. दोन बार सगळं बंद. पोरगा आधी बिचकला, मोकळ्यात त्याचा आवाज कापत होता. दादा म्हणाला, कापू दे, तोच टेक ठेवायचाय.

हे मराठी माणसाला शिकवायला ब्रॉन्क्सला जायची गरज नाही खरं तर. पोवाड्यात शाहीर कथा सांगायला लागला की डफ खाली उतरतो, तुणतुणं एका तारेवर धरून राहतं. ओळ पुरी झाली की झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत वर उठतात. शब्दांना कधी जागा द्यायची हे त्या मागच्या चार माणसांना पक्कं ठाऊक असतं. आणि भावगीतांच्या कॅसेटवर संगीतकाराच्या खाली बारीक अक्षरात ‘संगीत संयोजन’ लिहिलेलं असायचं. अनिल मोहिले, आप्पा वढावकर. चाल दुसऱ्याची, पण बासरी कुठे येईल, व्हायोलिन कुठे गप्प राहतील हे या मंडळींनी ठरवलेलं असायचं. आपण चाल गुणगुणतो आणि नकळत मधले म्युझिकचे तुकडेही गुणगुणतो, ते त्यांचे.

(दृश्य: कॉटन ग्रीन स्टेशन. हार्बरची गाडी. दादा दारात, कानात साधे वायरचे इअरफोन.)

निवेदन:
मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत बसवलेलं गाणं, तपासायची ही त्याची जागा. स्टुडिओतले महागडे स्पीकर खुशामत करतात. लोकलमध्ये खालचा घरघराट इतका असतो की बेस त्यात विरघळून जातो आणि शब्द तरले तरच गाणं तरतं. गाडीतून उतरल्यावर फोनच्या स्पीकरवर दुसरी परीक्षा. ८०८ चा सूर ४०-५० हर्ट्‌झला असेल तर फोन तो वाजवूच शकत नाही. म्हणून बेसला थोडं सॅच्युरेशन द्यायचं, आवाज जरासा फाटवायचा, म्हणजे त्याचे वरचे स्वर उठतात आणि कान खालचा सूर मनानेच भरून काढतो. असल्या कामाचं कुणी कौतुक करत नाही. पण गाणं घरात भारी वाजलं आणि मित्राच्या फोनवर फुसकं, तर रॅपर दोष यालाच देणार.

(दृश्य: धारावी, मग आरे. भिंतींवरची ग्राफिटी.)

निवेदन:
मुंबईच्या हिपहॉपला २०१५ मध्ये सगळ्या देशाने मान वळवून पाहिलं ते डिवाइन आणि नेझी या रॅपरांच्या ‘मेरे गली में’मुळे. अंधेरी आणि कुर्ल्याची पोरं, मुंबईची गल्ली... आणि संगीत दिल्लीच्या सेझ ऑन द बीट या प्रोड्यूसरचं. मुंबईकरांना हे फारसं आठवत नाही, किंवा आठवायचं नसतं. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘गली बॉय’ आला आणि रॅपरांचं पीक आलं. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या रॅप गटाच्या पोरांनी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत मराठीत जंगलाचं गाणं केलं. रॅपरांची नावं लोकांच्या तोंडी बसली. मागे कोण होतं, हे सिनेमा संपल्यावर श्रेयनामावली वाचायला थांबणाऱ्यांनाच ठाऊक.

(दृश्य: खोली. जुन्या मराठी कॅसेटचा ढीग. रॅपर एक उचलतो.)

– दादा, यातली सनई घेऊ ना हूकला. भारी वाटेल.
– परवानगी कोण आणणार?
– कोण विचारतंय?

निवेदन:
विचारतात. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं एक गाणं गाजलं. प्रोड्यूसर डीजे क्विक, आणि मागे चक्क लताबाईंचा आवाज. १९८१ च्या ‘ज्योती’मधलं ‘थोडा रेशम लगता है’. ना परवानगी, ना उल्लेख. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि २००३ मध्ये कोर्टाने बजावलं की बप्पी लाहिरींचं श्रेय छापल्याशिवाय ती सीडी विकायची नाही. मोठी कंपनी पाठीशी असूनही ही गत.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा प्रोड्यूसर कोण, हे एका ओळीत सांगून टाकलंय. ते घडवून आणायला जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी घेतो तो. बटणं कोण दाबतं याचा तिथे उल्लेखही नाही.

सनई राहून गेली. कॅसेट ढिगात परत गेली.

(दृश्य: वहीचं पान. पेन.)

निवेदन:
आता पैशांचं. इथे बहुतेक जोड्या फुटतात, कारण गाणं चालेपर्यंत कुणी काही लिहून ठेवत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द लिहिणारा आणि संगीत करणारा, दोघांचाही रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखलेला आहे. पण वाटा कुणाचा किती हे आधी ठरलेलं हवं, आणि रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत गाणं नोंदवलेलं हवं. दादा वहीत मांडतो. शब्द पोराचे, संगीत त्याचं, अर्धं-अर्धं. बेंजोवाल्याला रेकॉर्डिंगचे पैसे आधीच रोख दिलेत, आणि नाव श्रेयात येणार.

– आणि चौदा बारचे पण अर्धेच?
– अर्धेच.
– सोळा असते तर?
– तर गाणंच झालं नसतं. सही कर.

तो सही करतो. लगेच विचारतो, व्हिडिओ कधी शूट करायचा, मित्राकडे ड्रोन आहे. दादा हेडफोन परत कानाला लावतो. दुसऱ्या अंतऱ्यात अजून सहा ओळी कमी आहेत.