तीच फेरी, पुन्हा : आयुमु हिरानोची कारकीर्द

मित्रहो, हाफपाइप म्हणजे बर्फाच्या उतारावर कोरलेला, उभ्या चिरलेल्या नळीसारखा लांबलचक खोलगट मार्ग. ऑलिंपिकमध्ये त्याच्या भिंती सुमारे ६.७ मीटर उंच असतात आणि वरच्या काठाशी जवळजवळ उभ्या होतात. स्नोबोर्डवरचा खेळाडू एका भिंतीवरून हवेत झेपावतो, गिरक्या घेतो, त्याच भिंतीवर उतरतो आणि समोरच्या भिंतीकडे निघतो. अशा पाच-सहा उड्या झाल्या की फेरी संपते, आणि तिला लागतो जेमतेम अर्धा मिनिट.

टीव्हीवर आपले लक्ष गिरक्यांकडे असते. मी मात्र तुम्हाला उतरण्याकडे पाहायला सांगेन. उतरायचे ते भिंतीच्या वरच्या, उभ्या भागात. खेळाडू थोडा जरी खाली, सपाट तळाच्या बाजूला उतरला, तरी धक्का गुडघ्यांवर येतो आणि वेग मरतो. वेग मेला की पुढची उडी ठेंगणी होते, आणि ठेंगण्या उडीत चार गिरक्या बसत नाहीत. पहिल्या उडीतली चूक अशी तिसऱ्या-चौथ्या उडीत भोवते.

जपानच्या मुराकामी शहरातला आयुमु हिरानो २०१४ साली, सोची ऑलिंपिकमध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी रौप्यपदक जिंकला. मार्च २०१७ मध्ये एका स्पर्धेत तो असा कोसळला की गुडघ्याबरोबर यकृतालाही इजा झाली. वर्षभराच्या आत तो प्याँगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उभा होता आणि त्याने ९५.२५ गुण मिळवले; अमेरिकेच्या शॉन व्हाइटने शेवटच्या फेरीत ९७.७५ गुण घेतल्यामुळे पदक पुन्हा रौप्यच राहिले. पुढे तो स्केटबोर्डकडे वळला, टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला आणि अवघ्या सहा महिन्यांत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बर्फावर परतला. हा झपाटा मला पदकांपेक्षाही थक्क करतो.

११ फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यासाठी त्याने ‘ट्रिपल कॉर्क १४४०’ राखून ठेवला होता : अंग तिरपे टाकून तीन कोलांट्या आणि एकूण चार पूर्ण गिरक्या. पहिल्या फेरीत तो साधला, पण पुढे हिरानो पडला. दुसरी फेरी त्याने निर्दोष पूर्ण केली, परीक्षकांनी ९१.७५ गुण दिले आणि ९२.५० गुणांचा ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स पुढेच राहिला. त्या गुणांवर त्याच दिवशी टीकेची झोड उठली, आणि माझ्या मते ती रास्त होती.

तिसऱ्या फेरीत सर्वांत शेवटी उतरायची पाळी हिरानोची होती. अशा वेळी खेळाडू काहीतरी नवे करून परीक्षकांना दिपवू पाहतो. हिरानोने एकही उडी बदलली नाही. तोच ट्रिपल कॉर्क, त्याच उड्या, तोच क्रम. प्रत्येक वेळी भिंतीवर उंच, सफाईने उतरणे. या वेळी फलकावर ९६.०० गुण आले आणि तिसऱ्या ऑलिंपिकपदकाचा रंग सोनेरी होता.